उभ्याने खोका!

दुर्बिणीच्या ऑपरेशनचे किस्से बाकीच्या ऑपरेशनांपेक्षा जास्त का साठतात, हे मला मावळात परत आल्यावर कळलं. पोट चांगलं वीतभर फाडलं, की लोकांना बघायला जखम मिळते. बघतात, चुकचुकतात, घरी जातात. दुर्बिणीने केलं, की बघण्यासारखं काही उरतच नाही. मग ज्याला त्याला काहीतरी बोलावंसं वाटतं. जखम जितकी लहान, किस्सा तितका मोठा!

मी मूळची कामशेतजवळची. बारावीनंतर बाहेर पडले ती बारा वर्षांनी सर्जन होऊन परत आले. शेवटची तीन वर्षं तर इतक्या लांब होते, की तिथे पेशंट दिलेल्या वेळेला यायचे! तिथे मी एकच गोष्ट मन लावून शिकले. पोटाच्या भिंतीचे आडवळणी हर्निया दुर्बिणीतून दुरुस्त करायचे. जांघेतला हर्निया, बेंबीचा हर्निया हे सगळ्यांना माहीत असतात. मी म्हणते ते क्वचित भेटणारे, स्नायूंच्या थरांमध्ये लपून बसणारे. इथे परत का आलीस, असं लोक अजून विचारतात. अहो, आतडं अडकायचं झालं तर ते काय पिनकोड बघून अडकतं?

हायवेलगत आमचं हॉस्पिटल आहे. त्याचे मालक आणि मुख्य सर्जन म्हणजे मोठे सर. चाळीस वर्षं त्यांनी अख्ख्या तालुक्याची पोटं उघडलीत. उंच, भारदस्त, डावा हात कायम कोटाच्या आत कमरेशी खोचलेला. कोणीतरी समोर बसून त्यांचं तैलचित्र काढतंय असंच वाटावं! ऑपरेशन थिएटर मालन सिस्टरांच्या ताब्यात. सर थिएटरचे मालक असले तरी आत शिरताना चप्पल कुठे काढायची हे सिस्टरांना विचारतात.

आणि ज्यांच्या एका गाठीपायी हे सगळे किस्से झाले, त्या जैनाबीमावशी.

*

जैनाबी मुलाणी, राहणार टाकवे बुद्रुक. वराळ्याच्या एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये स्वयंपाकाला. दोनशे माणसांच्या डाळीचं पातेलं शेगडीवरून उतरवायचं, हे त्यांचं काम. ओटीपोटात डाव्या बाजूला चार वर्षं दुखत होतं. सोबत पिशवीभर कागद आणले होते. पाच डॉक्टर, चार सोनोग्राफ्या आणि सगळीकडे एकच शब्द, 'नॉर्मल'. औषध गॅसचं. एका महाशयांनी तर चिठ्ठीवर गोळ्यांच्या खाली लिहिलं होतं, 'मन रमवावे.'

मी पिशवी बाजूला ठेवली. "मावशी, उभ्या राहा."

"उबी? का वं ताई, खुर्ची पायजे का कुनाला?"

"नाही. उभ्याने पोट बघायचंय. पदर घ्या बाजूला. आता जोरात खोका."

मावशी खोकल्या. डावीकडे कातडीखाली लिंबाएवढा फुगवटा टुणकन वर आला.

"अगं बाई! आली!" मालन सिस्टर ओरडल्या.

"मग मी चार वर्सं काय सांगतीया?" मावशींचा आवाज चढला. "उबी ऱ्हायले की येती, आडवी झाले की जाती. हरेक डाक्टर म्हनतो झोपा. मी झोपते. ती बी झोपती!"

पाच डॉक्टर. सगळ्यांच्या भिंतींवर फ्रेम केलेल्या पदव्या. आणि पाचांतल्या एकालाही बाईला उभं करायचं सुचलं नाही!

*

नुसतं दुखण्यावर भागलं असतं तर एक वेळ चाललं असतं. मावशी पातेलं उचलताना मध्येच थांबतात, पोट धरतात, हे कॅन्टीनच्या कंत्राटदाराला खुपायला लागलं होतं. त्याने त्यांना कंपनीच्या डॉक्टरकडे धाडलं. डॉक्टरने त्यांना खुर्चीवर बसवलं, आधीचे रिपोर्ट चाळले आणि शेरा मारला, 'वजन उचलण्यास योग्य.'

"हात तरी लावला का पोटाला?" मी विचारलं.

"कागदाला लावला की! पाचीच्या पाची कागदांना."

त्या दिवसापासून कॅन्टीनमध्ये मावशींचं नाव नाटकी बाई पडलं होतं. कंत्राटदार म्हणे, पुन्हा पोट धरून उभी राहिलीस तर दुसरी बाई बघतो.

मी त्यांना सरळ सांगितलं. आत भिंतीला भोक आहे, त्यातून आतड्याचा वेढा बाहेर येतो आणि परत जातो. एखाद्या दिवशी तो बाहेर येईल आणि परत जाणार नाही. तसं झालं की हातात फक्त काही तास उरतात. टाकव्याहून निघेपर्यंतच त्यातले दोन जातील.

मावशींनी कागदांची पिशवी माझ्यापुढे सरकवली. मग म्हणाल्या, "म्हंजी खरंच हाये ना ताई काईतरी? लिवा तेवडं कागदावर. आदी लिवा, मग कापा."

*

मी लिहिलं. पण नुसतं माझ्या लिहिण्याला किंमत नव्हती, सोनोग्राफी हवी होती. मी सेंटरला फोन केला. म्हटलं, पेशंटला उभं करून, खोकायला लावून तपासा.

"उभं करून?" तिकडचे डॉक्टर म्हणाले. "मॅडम, आमच्याकडे त्यासाठी टेबल आहे. हा काय पासपोर्टचा फोटो आहे का?"

मी हट्ट सोडला नाही. परदेशात हे रोज होतं म्हटलं, तेव्हा ते म्हणाले, "तिकडचे लोक उंच असतात." याचा सोनोग्राफीशी काय संबंध, ते मला अजून कळलेलं नाही.

शेवटी मावशीच सेंटरमध्ये जाऊन उभ्या राहिल्या त्या बसेचनात. "न्हाई झोपनार. चार येळा झोपून झालं." मागे बायकांची रांग खोळंबली तेव्हा कुठे डॉक्टर उठले.

रिपोर्ट आला. वर लिहिलं होतं, उभ्या अवस्थेत डाव्या बाजूला पोटाच्या भिंतीत भोक, त्यातून आतडं बाहेर येताना दिसतं. आणि तळाशी ठळक अक्षरांत, 'निष्कर्ष : नॉर्मल.'

मी पुन्हा फोन केला.

"ते छापीलच आहे, मॅडम," ते म्हणाले. "सगळ्यांनाच जातं."

*

मोठ्या सरांना मी केस सांगितली. ते त्या वेळी त्यांची नेहमीची गॅसची गोळी चघळत होते.

"असा हर्निया मावळात नसतो," सर म्हणाले. "चाळीस वर्षांत मी एक पाहिला नाही."

"सर, आपण पेशंट उभ्याने तपासता?"

"मी तपासताना पेशंटची उभं राहायची हिंमत होत नाही."

दुर्मिळ आजार म्हणजे सरांकडे न आलेला आजार, ही व्याख्या मी वहीत लिहून ठेवली आहे.

सरांचा खरा आक्षेप हर्नियाला नव्हता, दुर्बिणीला होता. कारण दुर्बिणीने सरांचा ट्रे जातो! हा ट्रे म्हणजे तालुक्यातली एक संस्थाच आहे. ऑपरेशन झालं की सर स्वतः बाहेर येतात, हातात वाकडा स्टीलचा ट्रे, वर पांढरा नॅपकिन. नातेवाईक गोळा होतात. सर नॅपकिन उचलतात. आत काढलेला माल. बायका तोंडाला पदर लावतात, बापे मोबाईल काढतात. जेवढा माल मोठा, तेवढे सर मोठे.

मागे टाकव्याच्याच एका आबांच्या पाठीवरची चरबीची गाठ सरांनी काढली. पुतण्याने ट्रेचा फोटो गावच्या ग्रुपवर टाकला. खाली फक्त 'आबा' आणि जोडलेले हात. झालं! 'भावपूर्ण श्रद्धांजली'ची रांग लागली. दोघं तर हार घेऊन थेट हॉस्पिटलात पोचले. आबा पलंगावर मांडी घालून मऊ भात खात होते.

हार वाया कशाला घालवायचा, म्हणून तो सरांना घातला.

*

तरी सरांनी परवानगी दिली. का दिली, तर बारा वर्षांपूर्वी त्यांनीच हौसेने दुर्बीण विकत घेऊन ठेवली होती. उद्घाटनही झालं होतं. तेव्हापासून ती काचेच्या कपाटात, पाहुण्यांना दाखवायला.

मी ती बाहेर काढली, कॅमेरा जोडला, मॉनिटर लावला आणि सहज मालन सिस्टरांकडे रोखली. पडद्यावर सिस्टर लालभडक.

"सिस्टर, तुम्ही लाल का दिसताय?"

"मी चिडलेय म्हणून. सकाळपासून चहा नाही."

मी दुर्बीण खिडकीकडे फिरवली. बाहेरचा डोंगरही लाल! रंग बिघडला असेल म्हणून वायरी तपासल्या. मग दुर्बिणीची मागची काच नीट पाहिली. तिच्यावर वाळलेला, खडखडीत थर.

"हे काय आहे?"

सिस्टरांनी चष्मा चढवून पाहिलं. "कुंकू," त्या शांतपणे म्हणाल्या. "दसऱ्याला शस्त्रपूजा असते ना. सर सांगायचे, ही सगळ्यांत भारी आहे, हिला आधी लावा. मी बारा वर्षं पहिला मान हिलाच दिला."

"आणि वापरली किती वेळा?"

"वापरायची पण असते?"

काच साफ करायला पुण्याहून माणूस बोलावला. त्याने पाहिलं आणि दोन पावलं मागे सरला. "मॅडम, एवढं रक्त?"

मी म्हटलं, "रक्ताचा डाग पडायला आधी ऑपरेशन करावं लागतं हो!"

*

संमतीपत्रावर सही घ्यायला मी मावशींच्या नवऱ्याला बोलावलं. हमीदभाऊंचं जुन्या हायवेवर पंक्चरचं दुकान आहे. बोटं काळी, बोलणं मोजकं.

"भोकं किती पाडनार?"

"तीन. बोटाच्या पेरापेक्षा लहान."

"गाठ कुटंय?"

"डावीकडे."

"आन भोकं?"

"उजवीकडे."

हमीदभाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू गिऱ्हाईक पुढच्या चाकाचं पंक्चर सांगतंय आणि मी मागचं खोलतेय. मी समजावलं. आपण पोटात आतून शिरणार, लांबून त्या भिंतीकडे बघणार, आणि आतल्या बाजूने भोकावर जाळी बसवणार.

त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "आतनं पॅच!"

"बरोबर."

"मग असं बोला की! बाहेरनं पॅच मारला तर हवा त्याला ढकलून काडती. आतनं मारला तर हवाच त्याला दाबून धरती. जेवडी जास्त हवा तेवडा पॅच घट्ट."

हे वाक्य समजावून सांगायला आमच्या तिकडच्या प्राध्यापकांनी अर्धा तास आणि चाळीस स्लाइड घेतल्या होत्या. आणि मोठ्या सरांना मी महिनाभर हेच सांगत होते!

सही करता करता हमीदभाऊ म्हणाले, "मोट्या डाक्टरला म्हाईत न्हाई का ह्ये? एक दिवस दुकानात पाटवा त्यास्नी."

*

ऑपरेशन ठरलं जुलैतल्या शनिवारी, कारण लोणावळ्याहून येणारे भूल देणारे डॉक्टर शनिवारीच मोकळे असतात. जुलैतला शनिवार म्हणजे काय, हे लोणावळ्यात राहणाऱ्या माणसाला मी सांगायला हवं होतं का? भुशी धरणाकडे निघालेल्या गाड्यांच्या रांगेत साहेब अडकले. फोनवर फोन. पुढे कोणीतरी गाडी रस्त्यात आडवी लावून टपावर उभं राहून नाचत होतं. मागच्यांनी हॉर्न वाजवले, तर त्याला वाटलं दाद मिळतेय.

मावशी सकाळपासून उपाशी, टेबलावर पडून. मी येऊन सांगितलं, अजून तासभर लागेल, डॉक्टर ट्रॅफिकमध्ये आहेत.

"कशाचा ट्रॅफिक?"

"लोक भिजायला आलेत."

मावशी छताकडे बघत म्हणाल्या, "आमी भिजू न्हाई म्हनून जलमभर कागद पांघरून भाताच्या लावन्या केल्या, आन ह्ये पेट्रोल जाळून भिजाया येत्यात!"

अखेर साहेब पोचले ते एका मका विकणाऱ्याच्या मोटरसायकलवर मागे बसून. अंगात रेनकोट, एका हातात औषधांची बॅग आणि दुसऱ्या हातात भाजलेलं कणीस.

"आग्रह केला त्याने," ते म्हणाले.

*

दुर्बीण आत गेली. चित्र स्वच्छ, कुंकवाचा मागमूस नाही. आणि समोर ते! भिंतीत नीट गोल भोक, आपल्या घाटातल्या बोगद्यासारखं, आणि आतड्याचा वेढा गाडीच्या डब्यासारखा अर्धा आत शिरलेला. मी तो हलक्या हाताने मागे ओढला. गुलाबी होता, जिवंत होता. वेळेत आलो होतो. खरं सांगते, त्या क्षणी मी कशासाठी शिकले आणि का परतले याचं मला एकाच पडद्यावर उत्तर मिळालं.

तेवढ्यात मागून सरांचा आवाज. कधी येऊन उभे राहिले कोण जाणे.

"मी म्हणालोच होतो."

"काय म्हणाला होतात, सर?"

"की काहीतरी आहे."

सर खोकले, डावा हात कोटात अजून जरा आत सरकवला आणि पडद्याकडे पाहत राहिले. मी जाळी पसरली, आतलं अस्तर वरून शिवून घेतलं, पोटात भरलेली हवा काढली, संपलं.

"काढलं काय?" सरांनी विचारलं.

"काही नाही, सर. काढायचं काही नसतंच."

सर खरोखर घाबरले. "मग बाहेर काय दाखवू?"

मी कपडे बदलून बाहेर आले, तर सर माझ्या आधी पोचलेले. हातात ट्रे, वर नॅपकिन! भोवती टाकव्याची वीसेक माणसं. नॅपकिन उचलला गेला. आत पिवळट, लांबट, औषधाच्या वासाची एक गाठ. बायकांनी तोंडाला पदर लावले.

"खूप आत होती," सर गंभीरपणे म्हणाले.

हमीदभाऊ वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग त्यांनी मोबाईल काढला, गावचा ग्रुप उघडला आणि वर वर सरकवत गेले.

"सर, ही तर आबांची."

"काय?"

"ही बगा. कडंला असाच कट हाये. दिसभर टायरं बगतो मी. कट इसरत न्हाई."

सगळ्यांची मान एकदा ट्रेकडे, एकदा मोबाईलकडे. सरांनी नॅपकिन सावकाश परत घातला.

"गाठी," ते म्हणाले, "सगळ्या सारख्याच दिसतात."

सर आत गेले. गर्दीतून कोणीतरी मला विचारलं, मग तुम्ही काढलं काय? मी तोंड उघडायच्या आत हमीदभाऊ फिरले. "काय काडायचंय? पंक्चर काडलं म्हनून मी ट्यूब कापून गिऱ्हाइकाच्या हातात देतो का?"

आबांची गाठ सरांच्या केबिनमधल्या बरणीत परत गेली. आजवर किती घरांत ती त्यांचीच म्हणून पाहिली गेली, ते तिलाच माहीत.

*

दुसऱ्या दिवशी भेटायला बायका आल्या. टाकव्याला पेशंट बघायला येतात म्हणजे जखम बघायला येतात. पुढे होती मावशींची शेजारीण. हातात अर्धा डझन केळी.

"किती टाकं पडलं गं?"

"तीन," मावशी म्हणाल्या.

"तीन? आन बाकीचं?"

"बाकीचं काय? तीनच."

शेजारणीने चादर उचलून स्वतः खात्री केली. तीन लहान पट्ट्या, त्याही उजवीकडे. "विळा लागला तवा माज्या अंगट्याला पाच पडलं हुतं," ती म्हणाली आणि विषय संपला.

जाताना तिने तीन केळी ठेवली, तीन परत नेली.

*

याच टाक्यांनी पुढे घात केला. सहा आठवडे वजन उचलायचं नाही, असं मी मावशींना लिहून दिलं होतं. कंत्राटदाराने कागद बघितला आणि म्हणाला, टाके दाखव. त्याने पुन्हा कंपनीच्या डॉक्टरकडे धाडलं. या वेळी डॉक्टरने पोट पाहिलं, हे मान्य करायला हवं. डावीकडे पाहिलं. तिथे अर्थातच काही नव्हतं. शेरा मारला, 'शस्त्रक्रियेची खूण आढळली नाही. वजन उचलण्यास योग्य.'

आधी गाठ दिसत नाही म्हणून योग्य. आता टाके दिसत नाहीत म्हणून योग्य! त्या माणसाला मी मनातल्या मनात रोज दोनशे माणसांची डाळ उतरवायला लावते.

कंत्राटदाराचं म्हणणं एवढंच होतं, की मोठ्या सरांच्या हातचं पत्र आणा. त्यांना तालुका ओळखतो, ह्या नव्या बाईला कोण ओळखतं? नाही आणलं तर सोमवारी एक तर पातेलं उचल, नाही तर घरी बस.

*

शनिवारी मावशी आल्या. सरांच्याच केबिनमध्ये बसलो. सर, मी आणि मालन सिस्टर, मावशी, हमीदभाऊ. कोपऱ्यात बरणी, तिच्यावर आता रुमाल टाकलेला.

मी मावशींना आधी उभं केलं. "खोका."

खोकल्या. काही आलं नाही. पुन्हा खोकल्या, जोर लावून. पोट सपाट. मावशींनी स्वतःचा हात तिथे फिरवला, दाबून पाहिलं आणि पदर डोळ्यांना लावला. चार वर्षांत पहिल्यांदाच त्या उभ्या असताना ती गाठ हजर नव्हती.

मग मी सरांपुढे पत्राचं काढलं. सहा आठवडे विश्रांती, त्यांच्या सहीने.

"सहा आठवडे?" सर हसले. "एवढ्याशा भोकांना? माझे वीतभर कापलेले पेशंट आठवड्यात गवत कापायला जातात."

"आणि वर्षभरात परत येतात, सर," मालन सिस्टर म्हणाल्या. त्यांना सेवानिवृत्तीला चार महिने उरलेत.

"तीन भोकं, तीन दिवस लिहितो," सर म्हणाले. आपल्याच विनोदावर ते मोठ्याने हसले. हसता हसता ठसका लागला. ठसक्याचा खोकला झाला. डावा हात कोटात खोल गेला आणि तिथेच दाबून राहिला.

मी तो हात दीड वर्ष बघत होते. मला ती ऐट वाटायची! सगळ्या तालुक्याला उभं करून तपासायचं व्रत घेतलेली मी!

मावशींनी मात्र चार वर्षं स्वतःचा हात तिथेच ठेवला होता.

"सर," त्या म्हणाल्या, "त्यो हात काडा बगू."

"काही नाही हो. गॅस आहे."

"मला बी चार वर्सं ग्यासच हुता. हात काडा. उबं ऱ्हावा."

"अहो बाई..."

"उबं ऱ्हावा!"

दोनशे माणसांना रांगेत उभं करून वाढणारा तो आवाज होता. सर उभे राहिले.

"आता खोका."

सर खोकले. शर्टाचं खालून दुसरं बटण ताणलं गेलं.

"अगं बाई!" मालन सिस्टर ओरडल्या. "आली!"

सर झटकन तपासणीच्या टेबलावर आडवे झाले. पोटावरून एकदा हात फिरवला.

"बघा," म्हणाले, "नॉर्मल."

जैनाबीमावशींनी टेबलावरचं लेटरहेडचं पॅड उचललं आणि पेनासकट त्यांच्या छातीवर ठेवलं.

"सहा आटवडे लिवा, सर. मग उटा."